चांदी घ्यायची तर लहान तुकडे की किलोची वीट? आधी विकण्याच्या दिवसाचा हिशोब करा

हिंगोली जिल्ह्यात घरात रोख पैसा यायचे दोनच मोसम. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे, आणि हळद शिजवून, वाळवून मार्केट यार्डात गेली की उन्हाळ्यात. या दोन्ही वेळी सराफाच्या दुकानात गर्दी होते. अलीकडे त्या गर्दीत चांदी विचारणारे जास्त दिसतात, कारण सोनं बऱ्याच घरांच्या आवाक्याबाहेर गेलं. चांदीही स्वस्त राहिलेली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये किलोचा भाव दोन लाखांच्या वर गेला. तरी शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम असं जमेल तसं घेता येतं, म्हणून लोक तिकडे वळतात.

मग प्रश्न येतो तो हाच. पैसे साठवून एकदम किलोची वीट घ्यावी, की दहा-वीस-पन्नास ग्रॅमची नाणी जमवत जावी? दुकानदार म्हणतो मोठी घ्या, मजुरी वाचेल. घरातली मोठी माणसं म्हणतात लहान घ्या, अडीअडचणीला एकेक मोडता येईल. दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच घोळ होतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. दहा ग्रॅमचं नाणं ही भेटवस्तू आहे, ती बचत समजू नये. किलोची वीट बचत आहे, पण एकाच मोठ्या कामासाठी. आपल्यासारख्या जिल्ह्यातल्या साध्या कुटुंबाला बहुतेक वेळा शंभर ग्रॅमच्या लगडी सोयीच्या पडतात, आणि पैसा जास्त असेल तर त्यांच्या जोडीला एखादी अर्ध्या किलोची. असं का, ते पुढे सविस्तर मांडतो.

भावाशिवाय आपण काय काय भरतो

चांदी जगाच्या बाजारात मोठ्या विटांनी फिरते. लंडनच्या बाजारातली वीट सुमारे १,००० ट्रॉय औंसाची, म्हणजे ३१ किलोच्या आसपास असते. आपल्याकडे एमसीएक्सवर चांदीचा मुख्य सौदा ३० किलोचा आहे, मिनी ५ किलोचा आणि मायक्रो १ किलोचा. म्हणजे घाऊक बाजाराच्या दृष्टीने एक किलो हाच सगळ्यात लहान तुकडा. त्याखाली जे काही आहे ते कोणीतरी आटवून, ओतून, कापून, ठसा मारून, पाकिटात घालून आणलेलं असतं. त्या प्रत्येक कामाची मजुरी आपण भरतो. दहा ग्रॅमच्या नाण्याला आणि शंभर ग्रॅमच्या लगडीला हात जवळपास तेवढेच लागतात, म्हणून लहान तुकड्यावर मजुरीचा भार ग्रॅममागे जास्त बसतो.

शिवाय सगळ्यावर ३ टक्के जीएसटी. हा विकताना परत मिळत नाही. घरातली जुनी चांदी सराफाला विकताना आपल्याला जीएसटी लागत नाही, पण घेताना भरलेला गेला तो गेलाच.

आता एक हिशोब करू. भाव रोज हलतो, म्हणून आकडा गोल धरू: किलोला एक लाख. मजुरी आणि घटीचे आकडेही समजण्यापुरते आमचे आहेत, आपल्या दुकानाचे आकडे घालून पुन्हा करून बघा.

किलोची वीट, मजुरी जवळजवळ नाही. जीएसटीसह १,०३,००० रुपये गेले. विकताना सराफ भावापेक्षा २ टक्के कमी देतो असं धरलं, तर खर्च नुसता भरून निघायला भाव सुमारे १,०५,१०० व्हायला हवा. म्हणजे पाच टक्के चढ.

शंभर ग्रॅमच्या दहा लगडी, प्रत्येकीला तीनशे रुपये मजुरी. जीएसटीसह १,०६,०९० गेले. विकताना ३ टक्के कमी धरले तर भाव १,०९,४०० च्या आसपास जाईपर्यंत आपण तोट्यात. साडेनऊ टक्क्यांच्या जवळ.

दहा ग्रॅमची शंभर नाणी, प्रत्येकाला दीडशे रुपये. जीएसटीसह १,१८,४५०. विकताना मोडीच्या भावात ५ टक्के गेले असं धरा. आता भाव १,२४,७०० च्या घरात पोहोचल्यावर आपले पैसे आपल्याला परत. जवळपास पंचवीस टक्के चढल्यावर नफा शून्य!

यात एक बारकावा आहे, तो दुकानात उभं राहून विचारायचा. मजुरी नगावर आहे की टक्क्यावर? नगाला दीडशे रुपये ठरलेले असतील तर भाव दोन लाख झाल्यावर तीच मजुरी पंधरा टक्क्यांवरून साडेसातवर येते, म्हणजे महाग चांदीत लहान नाण्याचा तोटा थोडा कमी होतो. टक्क्यावर असेल तर भाव वाढला की मजुरीही वाढते, काम मात्र तेवढंच. दिवाळी, धनत्रयोदशीच्या आठवड्यात हे विचारायलाही वेळ मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर देशात चांदीचा इतका तुटवडा पडला की आयातीच्या हिशोबाने जो भाव बसायला हवा त्यावर जास्तीचे पैसे मोजून लोक घेत होते, आणि काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत नवे पैसे घेणं काही दिवस थांबवलं. सण सरताच भाव खाली आला. त्या आठवड्यात नाणी घेणाऱ्यांनी मजुरीही दिली आणि टंचाईचा भारही उचलला.

आमच्याच घरचं सांगतो. काही वर्षांपूर्वी ईदला मुलांना ईदी म्हणून दहा-दहा ग्रॅमची नाणी घेतली, सुंदर पाकिटं होती. पुढे गरज पडली तेव्हा विकायला गेलो. सराफाने पाकिटं फोडली, सगळी नाणी एकत्र काट्यावर टाकली, टंच तपासला, तो पाकिटावरच्या आकड्याहून कमी लागला, वर घट धरली. नाण्यावर कोरलेल्या चंद्रताऱ्याचे पैसे कोणी दिले नाहीत. दुकानदाराची चूक म्हणता येणार नाही, त्याला ती आटवायचीच होती.

मग सगळं एकाच विटेत का घालू नये

कारण खरेदीच्या दिवशी जी वीट स्वस्त पडते, तीच विक्रीच्या दिवशी अडते. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, परीक्षा. सराफाकडे आता एक्सआरएफ मशीन असतं, ते चांदीचा टंच मिनिटात दाखवतं. पण ते वरच्या थराचाच टंच दाखवतं. पातळ नाण्याला तेवढं पुरतं. जाड विटेच्या पोटात तांबं किंवा शिसं भरलेलं असेल तर मशीनला कळत नाही. म्हणून अनोळखी माणसाने आणलेली किलोची वीट समजूतदार सराफ छिद्र पाडून, कापून किंवा आटवूनच घेतो. कापली की ती वीट राहिली नाही, आणि आटवून टंच निघेपर्यंत थांबावं लागतं. जिथून घेतली तिथेच पावतीसह नेली तर हा त्रास वाचतो. पण ते दुकान तेव्हा असेल का, आणि त्या दिवशी त्याच्याकडे तेवढे पैसे असतील का?

घरच्या घरी एक कच्ची परीक्षा करता येते. चांदीची घनता १०.४९ आहे. म्हणजे एक किलो चांदी ९५ मिलीलिटरच्या जवळपास जागा घेते, अंघोळीच्या साबणाच्या वडीएवढी. वीट दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवली, भांड्याच्या तळाला न टेकवता, आणि वरून काट्याला लटकवून वजन केलं तर ९०५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आत तांबं असेल तर वजन त्याहून कमी दिसेल. तांबं आणि शिसं मोजून मापून मिसळणारा लबाड या परीक्षेतूनही निसटू शकतो, म्हणून हिच्यावरच विसंबू नका. पण गंडवणारे बहुतेक इतके कष्ट घेत नाहीत.

दुसरं, पैसे देण्याची पद्धत. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याने मना आहे, आणि हा नियम पैसे घेणाऱ्याला लागतो. आपण वीट विकली तर घेणारे आपणच. भाव दोन लाखांच्या वर असेल तेव्हा एक किलो चांदी रोखीत विकताच येणार नाही. खात्यावर घ्यावे लागतील, आणि त्यात वाईट काही नाही. पण खातं चालू असावं, आधार-पॅनचं काम झालेलं असावं, आणि दवाखान्यात रात्री पैसे हवेत म्हणून वीट घेऊन निघालेल्या माणसाला हे आधी माहीत असावं. खरं तर दहा हजारांवरची रोख खरेदीही दुकानदाराला त्याच्या हिशोबात अडचणीची असते, त्यामुळे चांगली पेढी लहान रक्कमही खात्यावरच देऊ करेल. घेतानाही तसंच, दोन लाखांहून जास्तीच्या खरेदीला पॅन लागतो.

तिसरं, आपला बाजार. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही गेलात तरी सराफाकडे दागिन्यांचं गिऱ्हाईक आहे, विटेचं नाही. तो आपली वीट घेतो ती पुढे नांदेडला किंवा अकोल्याला घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवायला, नाहीतर कारागिराकडे पैंजण-जोडव्यांसाठी द्यायला. मधला भाव पडण्याचा धोका त्याच्या अंगावर, म्हणून तो कमी भाव सांगतो. शंभर ग्रॅमची लगड मात्र तो दुपारी घेऊन संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकतो. मोठा माल विकायचाच असेल तर दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय देऊ नका. वाशीम-अकोल्याच्या पलीकडे बुलडाणा जिल्ह्यातलं खामगाव चांदीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, तिथल्या चांदीच्या शुद्धतेचं नाव विदर्भ-मराठवाड्यात जुनं आहे. किलो-दोन किलोचा प्रश्न असेल तर एस.टी.चं भाडं वसूल होतं. पन्नास ग्रॅमसाठी कोणी खामगावला जात नाही.

गहाण ठेवण्याचा रस्ताही विटेला बंद आहे. व्याजाचा प्रश्न असल्यामुळे आपली बरीच कुटुंबं त्या वाटेला जातच नाहीत, तरी माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने-चांदी तारण कर्जाचे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. त्यांत दागिने आणि नाणी तारण चालतात, चांदीचे दागिने एका कर्जदारामागे दहा किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंत. वीट किंवा लगड तारण म्हणून चालत नाही. म्हणजे विटेचा पैसा करायचा तर ती विकणे हाच मार्ग. आणि बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेईल असं समजू नका. बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत.

तोळ्याचा घोळ: जकात आणि मेहर

लहान-मोठ्याचा विचार आपल्या घरात आणखी एका ठिकाणी येतो, आणि इथे मोठी चूक होते असं आम्ही पाहिलं आहे.

जकातीसाठी चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, हे लहान मुलालाही पाठ असतं. पण हा तोळा कोणता? जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. त्याने साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. आज सराफाच्या दुकानात ‘तोळा’ म्हटलं की दहा ग्रॅम समजतात. त्या तोळ्याने हिशोब केला तर ५२५ ग्रॅम येतात. निसाबाच्या बाबतीत ही चूक झाली तर माणूस फार तर लवकर जकात देऊ लागेल, कोणाचं नुकसान नाही.

मेहरमध्ये मात्र नुकसान होतं. ज्या घरांत मेहर-ए-फातिमी ठरवतात, तिथे पाचशे दिरहम म्हणजे १३१ तोळे ३ मासे चांदी धरली जाते. खऱ्या तोळ्याने ती १,५३०.९ ग्रॅम भरते, दीड किलोहून थोडी जास्त. दहा ग्रॅमच्या तोळ्याने कोणी हिशोब केला तर १,३१२.५ ग्रॅम. मुलीच्या हक्कातून २१८ ग्रॅम चांदी नुसत्या शब्दाच्या घोळात गेली. किलोला एक लाख भाव धरला तरी २१,८०० रुपये, दोन लाख धरला तर ४३,६०० च्या वर. म्हणून निकाहनाम्यात तोळा लिहू नका, ग्रॅम लिहा. दुकानाच्या पावतीवर तर कायद्यानेही ग्रॅमच हवेत.

हीच मेहर चांदीत द्यायची असेल तर कशी द्यावी? एक किलोची वीट, अर्ध्या किलोची एक आणि वर नाणी, असं देणं स्वस्त पडतं आणि समोर ठेवायला छान दिसतं. पण ती मालमत्ता मुलीची आहे. उद्या तिला स्वतःच्या मर्जीने, कोणाला बरोबर न घेता, काही भाग विकायचा झाला तर किलोची वीट घेऊन ती कुठे जाणार? ती कापायची म्हटली की घरातल्या चार माणसांना कळणार, चार मतं येणार. शंभर ग्रॅमच्या पंधरा लगडी आणि उरलेले ३०.९ ग्रॅम सुटे दिले तर मजुरीचे काही हजार रुपये जास्त जातात. आमच्या मते ते जावेत. आणि पावती मुलीच्या नावावर करा, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नव्हे. विकताना सराफ पावतीवरचं नाव आणि ओळखपत्र जुळवून बघतो, तेव्हा हे फार कामाला येतं.

जकातीकडे परत येऊ. ज्याच्याकडे एक किलो चांदी वर्षभर पडून आहे त्याची जकात चाळिसावा हिस्सा, म्हणजे २५ ग्रॅम किंवा तेवढ्याची किंमत. किंमत धरताना घेतलेल्या दिवसाचा भाव नव्हे, जकात काढण्याच्या दिवसाचा. भाव दुप्पट झाला असेल तर देणंही दुप्पट, आणि पगार तेवढाच आहे. ज्या घरात रोख पैसा कमी आणि चांदी विटेत अडकलेली, तिथे रमजानमध्ये ओढाताण होते. विटेचे पंचवीस ग्रॅम खरवडून देता येत नाहीत. अशा घरात दोन-चार लहान तुकडे असावेत, त्यातलाच एखादा जकातीत देता येतो किंवा विकता येतो. सोनं, चांदी आणि रोख एकत्र धरून निसाब कसा बघायचा हे आपापल्या परिस्थितीप्रमाणे जवळच्या आलिमांना विचारून घ्या.

त्यांनाच आणखी एक विचारण्यासारखं आहे. जुनी चांदी देऊन नवी घ्यायची, वर फरकाचे पैसे द्यायचे, हा व्यवहार दुकानात सर्रास चालतो. चांदीच्या बदल्यात चांदी घेताना वजन सारखं आणि देवाणघेवाण हातोहात हवी, हा फिकहचा जाणता नियम आहे. त्यामुळे आधी जुनी विकून पूर्ण पैसे हातात घ्यायचे आणि मग त्या पैशाने नवी घ्यायची, हा साधा रस्ता. यात एक दुनियादारीचा फायदाही आहे. अदलाबदलीत सराफ जुन्याची घट आणि नव्याची मजुरी एका आकड्यात मिसळून सांगतो. दोन व्यवहार वेगळे केले की दोन्ही आकडे उघडे पडतात.

वारसाहक्काच्या वेळीही लहान तुकड्यांचं महत्त्व कळतं. समजा वडिलांच्या मागे दोन मुलगे आणि एक मुलगी, बाकी वारस नाही, कर्ज-वसीयत फिटलेली, आणि पेटीत एक किलो चांदी. पाच हिस्से: चारशे, चारशे, दोनशे. शंभर ग्रॅमच्या दहा लगडी असतील तर पाच मिनिटांचं काम, आणि बहिणीचा हिस्सा त्याच दिवशी तिच्या हातात. एकच वीट असेल तर ‘विकल्यावर देऊ’ म्हणतात, आणि त्या ‘विकल्यावर’ला कधीकधी वर्षं लागतात.

किती दिवसांसाठी

चांदी चढतेच असं समजून घेणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली आणि २७ मार्च १९८० रोजी ११ डॉलरच्या खाली आली. एप्रिल २०११ मध्ये पुन्हा पन्नासच्या जवळ गेली, आणि २०१३ मध्ये वीसच्या खाली होती. ५० डॉलरची ती पातळी नीट ओलांडायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. आपल्याकडे रुपया घसरत गेल्याने तोटा कमी दिसला, पण सरकारच्या एका निर्णयानेही भाव हलतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं आणि त्याच दिवशी भाव कोसळला. पेरणीसाठी जूनमध्ये लागणारे पैसे मार्चमध्ये चांदीत घालू नयेत, लहानात नाही आणि मोठ्यातही नाही.

कर म्हणाल तर चांदी २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकली तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकली तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो. हा नियम २३ जुलै २०२४ पासूनचा आहे. इथेही तुकडे असले की गरजेपुरतंच विकता येतं, सगळा नफा एकाच वर्षात अंगावर येत नाही.

म्हणून आमचा हिशोब असा. पाच-सात वर्षांनी हजला जायचं आहे किंवा घराचा स्लॅब टाकायचा आहे, रक्कम एकदमच लागणार आहे आणि घरात दुसरी रोख बचत आहे, तर अर्धा किलो किंवा किलो घ्यायला हरकत नाही, मजुरी वाचते. आजारपण, फी, पेरणी अशा अचानकच्या गरजेसाठी हाताशी ठेवायची असेल तर शंभर ग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या खाली फक्त भेट द्यायला, किंवा जकातीच्या सोयीला दोन-चार. वीट घ्यायची म्हणून वर्षभर पैसे डब्यात साठवत बसण्यापेक्षा दर हंगामाला जमतील तेवढ्या लगडी घेतलेल्या बऱ्या.

घेताना काय बघायचं? पावतीवर वजन ग्रॅममध्ये, टंच आकड्यात, म्हणजे ९९९ असेल तर ९९९, भाव, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे. लगडीवर क्रमांक असेल तर तोही पावतीवर उतरवून घ्या. सोन्यासारखा चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी येऊ लागला, तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो, पण दुकानदाराने तो द्यावाच असं बंधन नाही. म्हणून विटेच्या बाबतीत पावती हाच आधार. ‘पावती नको, जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हणालं तर तीन टक्के वाचवायच्या नादात विकताना त्याहून जास्त जाईल. परत विकत घेताना किती टक्के कमी धरणार हे त्याच दिवशी विचारा, आणि पावतीच्या मागे लिहून मागा. लिहून देणारे थोडेच, पण न लिहिणाऱ्याचा चेहराही बरंच सांगतो.

ठेवताना रबर बँड लावू नका आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका, गंधकाने चांदी काळी पडते. काळी पडल्याने वजन आणि किंमत कमी होत नाही. घासून चकाकवायला गेलात तर मात्र थोडी चांदी पुसण्याच्या कपड्यावर जाते.

आजीच्या पेटीतले रुपये

शेवटी एका लहान चांदीबद्दल, जी आपण विकत घेतलेलीच नाही. हिंगोली सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, इथे हाली सिक्का चालायचा. त्यामुळे अजूनही जुन्या घरांत पेटीच्या तळाशी चारमिनारचे रुपये सापडतात, कधी इंग्रजांचे राणीछाप आणि राजाछाप रुपयेही. हे सगळे एका भावाने देऊन टाकू नका.

इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच चांदी. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी मुळीच नाही, दिसायला मात्र तसाच. निजामाचा चारमिनारचा रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि साधारण ८२ टक्क्यांचा, म्हणजे शुद्ध चांदी नऊ ग्रॅमच्या थोडी वर. सराफ सगळी नाणी एका ढिगात ओतून सरसकट टंच सांगू लागला तर आधी सालाप्रमाणे वेगळी करायला सांगा. आणि काही सालांच्या नाण्यांना नाणी जमवणारे लोक चांदीच्या भावाहून जास्त देतात, तेव्हा आटवायला देण्याआधी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या नाणे प्रदर्शनात दाखवून घ्या. नेण्याआधी घासू मात्र नका, घासलेल्या नाण्याची किंमत जमवणारे कमी करतात.